महाबळेश्वरचा बेत

महाबळेश्वरला जावयाचे, हे ठरविण्यास आमच्या घरात पाच मिनिटे लागली. कधी जावयाचे, हे ठरविण्यास पंधरवडा पुरला नाही. सौभाग्यवतींचे म्हणणे, जावे तर मे महिन्यात. खाली वणवा पेटलेला असताना वर जाण्यातच थंड हवेची खरी किंमत कळते, शिवाय करवंदे आणि जांभळे त्याच दिवसांत मिळतात. मुलांचे मत जानेवारीला, कारण स्ट्रॉबेरी. वडीलबंधूंचा कौल दिवाळीनंतरच्या आठवड्याला. पाऊस नुकताच गेलेला, धबधबे अजून आटलेले नाहीत, हवा धुतल्यासारखी स्वच्छ आणि प्रतापगड हाताला लागेल इतका जवळ दिसतो. मी एकट्यानेच भाद्रपदाचे नाव काढले. तेव्हा तेथे धुक्याखेरीज काही दिसत नाही, असा आक्षेप सर्वांनी एकमुखाने घेतला, आणि मला तर तेच पाहावयाचे होते.

या धुक्याचे शास्त्र फार अवघड नाही. अरबी समुद्रावरून निघालेला वारा कोकणची पट्टी ओलांडून येतो, आणि सह्याद्रीची भिंत समोर उभी ठाकते. वळसा घालण्यास जागा नाही, तेव्हा तो वर चढतो. चढता चढता थंड होतो, आणि अंगातले पाणी त्याला पेलवेनासे होते. महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर, अगदी कड्याच्या ओठावर बसलेले आहे, त्यामुळे पहिला मारा त्याच्याच छातीवर. वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस येथे पडतो. पूर्वेला दहा-बारा मैलांवर पाचगणी; तेथे त्याचा तिसरा हिस्सा पडला तर पुष्कळ. आणि घाट उतरून वाईला आलो, की शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला! ज्या ढगाने वर लोकांची घरे भिजवून टाकली तोच ढग येथे रिकामा होऊन येतो. महाबळेश्वरचे धुके म्हणजे दुसरे काही नव्हे, हा चढणीला लागलेला ढगच. आपण त्याच्या पोटात उभे असतो इतकेच.

इंग्रजांच्या काळी आमच्यासारखा वाद कोणाच्या घरी झाला नसता. त्या वेळी मोसम म्हणजे मोसम होता. ऑक्टोबरात पाऊस सरला की बंगल्यांची दारे उघडावयाची, उन्हाळ्यात मुंबईचे गव्हर्नर आपल्या लवाजम्यासह वर यावयाचे, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर सर्वांनी गाशा गुंडाळावयाचा. मग बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या जाड तट्ट्या बांधून सारे गाव जणू घोंगडी पांघरून चार महिने निजावयाचे. सरकार तेथून पावसाळ्यासाठी पुण्यास जाई. गव्हर्नरसाहेबांबरोबर दप्तरे जात, दप्तरांबरोबर कारकून जात. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत महाबळेश्वर पाहिलेले जे मराठी गृहस्थ होते, त्यांतले पुष्कळसे क्षेत्राच्या यात्रेला गेलेले, नाही तर असे फायलींच्या गठ्ठ्यामागून गेलेले. केवळ हवा खाण्यासाठी डोंगर चढून जाणे ही कल्पना आपल्याकडे तशी नवीनच.

पण मला सांगावयाचे आहे ते त्याच्याही आधीचे. बेत आखताना मी जुनी पुस्तके काढून बसलो. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १९१६ साली महाबळेश्वरवर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्यापूर्वी १८८५ च्या सुमारास सातारा जिल्ह्याचे सरकारी गॅझेटियर निघाले, त्यातही या ठिकाणाची बारीकसारीक हकीकत आहे. कोणती पॉइंटे पाहावी, किती दिवस राहावे, एवढेच पाहण्यासाठी उघडलेली ही पाने. पण वाचता वाचता एका राजाची गोष्ट हाती लागली, आणि मग पॉइंटांचे चित्र मनात निराळेच उमटू लागले.

आज आपण जिला लॉडविक पॉइंट म्हणतो त्या सोंडेवर एक स्तंभ उभा आहे. जनरल पीटर लॉडविक १८७३ साली फ्रान्समध्ये नव्वदाव्या वर्षी वारले. त्यांच्या स्मरणार्थ पुढच्या वर्षी तो उभारला गेला. या डोंगरांवर पाऊल ठेवणारे पहिले युरोपियन, अशी त्यांची ओळख त्यावर कोरलेली आहे. एप्रिल १८२४ मध्ये हे गृहस्थ आपल्या पलटणीसह साताऱ्यास होते. उन्हाने हैराण होऊन ते डोंगर चढले, हातातल्या काठीने झाडोरा बाजूला सारीत सारीत या कड्यापर्यंत पोहोचले, आणि त्या खटपटीत त्यांचा कुत्रा मात्र बिबट्याने उचलून नेला, अशी हकीकत गॅझेटियरमध्ये आहे. त्या कुत्र्याचे मला नेहमी वाईट वाटते. शोधाची खरी किंमत त्यानेच मोजली.

‘शोध’ हा शब्द मात्र जरा जपून वापरला पाहिजे. ज्या कड्यावर लॉडविकसाहेब पहिल्याने उभे राहिले, तेथून खाली पाहिले तर जावळीचे खोरे दिसते. ते खोरे शिवाजी महाराजांनी १६५६ साली चंद्रराव मोऱ्यांकडून घेतले. समोर प्रतापगड, १० नोव्हेंबर १६५९ ला त्याच्या पायथ्याशी काय घडले हे ज्याला ठाऊक नाही असा मराठी मुलगा नसेल. पाठीशी तीन-चार मैलांवर क्षेत्र महाबळेश्वर. तेथील काळ्या दगडाच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांच्या धारा गोमुखातून एकत्र पडतात. १६६५ च्या आरंभी ग्रहणपर्वावर महाराजांनी मातोश्री जिजाबाईंची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री, अशी इतिहासात नोंद आहे. देवस्थानाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते सांगणारे कोळी येथे होते, धनगर होते, आणि धावड होते. हे धावड म्हणजे जांभ्या दगडातून लोखंड गाळणारे लोक. त्यांच्या भट्ट्यांना कोळसा फार लागे. पुढे इंग्रजी अमदानीत जंगलावर निर्बंध आले आणि तो धंदाच बसला. इतक्या सगळ्यांच्या पायांखाली जो डोंगर शेकडो वर्षे होता तो १८२४ साली ‘सापडला’. असो.

लॉडविकसाहेबांनी वर्णने केली, त्यावरून साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्जसाहेब यांनी वर एक झोपडीवजा बंगली बांधली. पण डोंगरावर चालत जाणे निराळे आणि तेथे गाव वसविणे निराळे. गाव वसवावयाचे तर रस्ता पाहिजे. तो रस्ता कोणी केला? साताऱ्याहून थेट डोंगरमाथ्यापर्यंत, गाडी जाईल असा उत्तम रस्ता बांधून दिला साताऱ्याच्या महाराजांनी, प्रतापसिंह छत्रपतींनी.

प्रतापसिंहांचे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत येते आणि जाते. त्यांचा जन्म १७९३ चा. लहानपणापासून पेशव्यांच्या नजरकैदेत वाढलेले हे राजे. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई हरल्यावर दुसरा बाजीराव पळत सुटला, तेव्हा त्याने छत्रपतींच्या कुटुंबाला वासोट्याच्या किल्ल्यावरून आणवून आपल्या धावपळीत बरोबर फरफटत नेले. फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनसाहेबांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसविले. १८१९ च्या तहाने एक बेतशीर राज्य त्यांच्या नावे झाले; आरंभी कारभार रेसिडेंट ग्रँट डफ पाहत, पुढे तो महाराजांच्या स्वाधीन झाला. हाती अधिकार येताच या माणसाने जे काम आरंभले ते पाहून चकित व्हावे. रस्ते बांधले, शहराला पाणी आणले, शाळा काढली, छापखाना घातला. रोज पहाटेपासून काय केले याची रोजनिशी लिहून ठेवली. ज्याचे बालपण किल्ल्याच्या चार भिंतींत गेले त्याला रस्ते बांधण्याची इतकी हौस असावी, यात मला काही नवल वाटत नाही.

तर या महाराजांचा रस्ता वर गेला आणि १८२८ साली त्या रस्त्याने मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम आले. आता माल्कमसाहेब म्हणजे आपल्या इतिहासातील जुनी ओळख. १८१८ च्या जूनमध्ये असीरगडाजवळ बाजीरावाने ज्यांच्यापुढे शरणागती पत्करली आणि सालिना आठ लाखांच्या पेन्शनवर ब्रह्मावर्ताची वाट धरली, ते हेच. पेशवाईचा शेवटचा कागद ज्यांनी लिहून घेतला त्यांनीच दहा वर्षांनी महाबळेश्वरची वसाहत घातली. त्यांना येथली हवा मानवली. आजारी गोऱ्या सोल्जरांसाठी प्रयोग म्हणून एक इस्पितळ उघडले, आणि मग ही जागाच कंपनीच्या ताब्यात असावी असे त्यांना वाटू लागले. १८२९ साली महाराजांशी तह झाला. महाराजांनी डोंगरमाथ्याची जमीन कंपनीस दिली, आणि तिच्या बदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव त्यांना मिळाले. लोणावळ्याजवळचे ते खंडाळे नव्हे. पुण्याहून साताऱ्यास जाताना घाटाखाली लागते ते हे. आज त्या डोंगरावरील एका बंगल्याची किंमत ऐकली आणि मग हा मोबदला आठवला, म्हणजे हसावे की काय करावे कळत नाही. पण महाराजांच्या बाजूने पाहिले तर तो मैत्रीचा व्यवहार होता. ज्यांनी गादी दिली त्यांना त्यांनी एक थंड डोंगर दिला.

नव्या बाजारपेठेला नाव पडले माल्कम पेठ. पाहुण्यांच्या नावांची त्या डोंगरावर मग पाऊस पडावा तशी वृष्टी झाली. गव्हर्नरांच्या मुलीच्या नावाने केट्स पॉइंट, एल्फिन्स्टनसाहेबांच्या नावाने एल्फिन्स्टन पॉइंट, सिंदोळ्याच्या टेकडीचे विल्सन पॉइंट. मढीमहालाचे आर्थर सीट झाले ते आर्थर मॅलेट यांच्यावरून. सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटला, त्यांच्या घरची माणसे बुडाली आणि हे गृहस्थ त्या कड्यावर बसून नदीकडे पाहत राहात, अशी आठवण सांगतात. नाव परके खरे. पण त्यामागच्या माणसाचे दुःख परके वाटत नाही. सावित्रीकाठच्या कोणत्याही गावात असे बसलेले माणूस सापडेल.

जागा मिळाली, नावे मिळाली. पण काम कोण करणार? येथे या गोष्टीत एक अगदी अनपेक्षित मंडळी येतात, ती म्हणजे चिनी कैदी. पूर्वेकडे मलाक्का, सिंगापूर या बाजूला कंपनीची जी ठाणी होती तेथे शिक्षा झालेल्या चिनी आणि मलायी लोकांना जहाजात घालून इकडे आणले गेले. आपले कैदी काळ्या पाण्यावर जात, तसे त्यांचे काळे पाणी म्हणजे आपला सह्याद्री! त्यांच्यासाठी सुमारे सव्वाशे माणसे मावतील असा तुरुंग वर बांधला होता. आसपासचे बहुतेक रस्ते त्यांनी केले. वेताच्या टोपल्या विणल्या. त्यांनी बटाटे आणि विलायती भाज्या लावल्या, आणि खोऱ्यातल्या एका ओलसर जागेत त्यांनी अशी बाग फुलवली की गोऱ्या साहेबांच्या टेबलावरची भाजी तेथून जाऊ लागली. १८६४ साली तो तुरुंग मोडला. त्यांतले कोण सुटले, कोण तेथेच मातीत मिळाले, नावे काय होती, हे कोठे कोरून ठेवलेले नाही. एक धबधबा तेवढा त्यांच्या नावाने राहिला आहे; त्याला आजही चायनामन फॉल म्हणतात. भारतात पिकणाऱ्या स्ट्रॉबेरीपैकी शेकडा ऐंशीच्या वर एकट्या महाबळेश्वर-पाचगणीच्या टापूत पिकते, आणि २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. या बागाइताचा पहिला धडा येथल्या मातीत ज्यांनी गिरवला त्यांच्या पायांत बेड्या होत्या, हे मी मुलांना सांगितले. धाकट्याने विचारले, “त्यांना स्ट्रॉबेरी खायला देत होते का?” माझ्याजवळच्या पुस्तकांत याचे उत्तर नाही.

आता पुन्हा महाराजांकडे. हे मैत्रीचे दिवस फार टिकले नाहीत. १८१९ च्या तहाप्रमाणे कोणत्या जहागीरदारांवर साताऱ्याची सत्ता, यावरून मुंबई सरकारशी वाद सुरू झाला. महाराज आपला हक्क सोडीनात, आणि सरकारला असला ताठ माणूस सोईचा वाटेना. मग आरोप उभे राहिले. कंपनीच्या पलटणीतील देशी अंमलदार फितविले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि पदच्युत नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले, असे ते आरोप. १८३६ साली चौकशीसाठी साताऱ्यास तीन साहेबांची कमिटी बसली. तिच्यात एक विलोबी, दुसरे ओव्हान्स, आणि तिसरे त्या वेळचे साताऱ्याचे रेसिडेंट, कर्नल लॉडविक.

हे नाव वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. बारा वर्षांपूर्वी जो काठीने झुडपे सारीत त्या कड्यावर गेला, ज्याच्या हौसेपायी महाराजांनी रस्ता बांधला, तोच माणूस आता त्या महाराजांच्या विरुद्ध साक्षी नोंदवीत बसलेला! स्तंभावरच्या लेखात खडकीची लढाई आहे, साताऱ्याची रेसिडेंटी आहे. या चौकशीबद्दल अक्षर नाही. दगडावर किती मावणार म्हणा! लॉडविक हे काही त्या प्रकरणातले सर्वांत कठोर गृहस्थ नव्हते. त्यांना लवकरच रेसिडेंटीवरून दूर करण्यात आले, आणि ओव्हान्स त्यांच्या जागी आले. पुढचे जे घडले ते ओव्हान्सच्या कारकिर्दीत.

१८३९ च्या ऑगस्टात नवे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले. त्यांनी महाराजांपुढे कागद ठेवला: तहाचा भंग झाला हे मान्य करून सही करा, झाले गेले विसरून गादी कायम ठेवू. राज्य वाचविण्यासाठी एक सही! त्या काळच्या किती संस्थानिकांनी ती केली असती याचा हिशेब वाचकांनीच करावा. प्रतापसिंहांनी केली नाही. जे केले नाही ते केले म्हणून लिहून देणार नाही, या एका गोष्टीवर ते अडून बसले. सप्टेंबरच्या पाच तारखेस, उजाडण्यापूर्वी, वाड्याला फौजेचा वेढा पडला आणि महाराजांना पालखीत घालून साताऱ्याबाहेर काढले. तेथून काशी. त्या लांबच्या प्रवासात त्यांचे चुलतबंधू बाळासाहेब सेनापती वाटेतच वारले. महाराज आठ वर्षे काशीत राहिले आणि १४ ऑक्टोबर १८४७ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. सातारा त्यांनी पुन्हा पाहिला नाही.

त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षे तेथे झगडत राहिले. ती कथा प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९४८ साली आपल्या ग्रंथात अशी तळमळून सांगितली आहे, की तिचा येथे सारांश देणे हा तिच्यावर अन्याय होईल. हात हलवीत परत आलेले रंगो बापूजी १८५७ च्या धामधुमीत दिसेनासे झाले ते कायमचे, आणि त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाली, एवढे सांगून पुढे जातो.

गादीवर प्रतापसिंहांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसविले होते. महाबळेश्वरला गेलेला एकही मनुष्य त्यांच्या कृतीस चुकत नाही, जरी त्यांचे नाव शंभरात एकाला माहीत असले तरी. वेण्णा लेक! ज्या तळ्यात आपण नावेत बसतो, ज्याच्या काठी घोडी फिरतात आणि मक्याची कणसे भाजली जातात, ते तळे १८४२ साली आप्पासाहेब महाराजांनी वेण्णेला बांध घालून करविले. भाऊ काशीत कैदेत, आणि हे इकडे साहेबांच्या डोंगरावर तळे बांधताहेत, असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. तळे पाण्यासाठी होते, आणि पाणी सर्वांनीच प्यायले. पण या आज्ञाधारकपणाचे फळ काय मिळाले तेही पाहून ठेवावे. एप्रिल १८४८ मध्ये आप्पासाहेब वारले. मरतेसमयी घेतलेला दत्तक डलहौसीसाहेबांनी नामंजूर केला आणि सातारचे राज्य खालसा झाले. ज्याने सही नाकारली त्याचे राज्य गेले. ज्याने काहीच नाकारले नाही त्याचेही गेले. फरक नऊ वर्षांचा.

अशी ही पाने वाचून झाल्यावर आमचा बेत जरा निराळ्या रुळावर आला. पहिला प्रश्न वाटेचा. पूर्वी मुंबईकर तीन वाटांनी जात. एक समुद्रातून: बाणकोटच्या खाडीत शिरून सावित्रीने दासगावापर्यंत, मग महाड, पोलादपूर आणि कोकणातून वर चढणारा घाट. दुसरी पुण्याहून वाई, पसरणीचा घाट, पाचगणी. पालखी, मेणा किंवा बैलगाडी, आणि पुढे रेल्वे झाल्यावर वाठार स्टेशनास उतरून टांगा. त्या टांग्यातून अंगाचे खुळखुळे होत असले तरी वाईला घाटावर जेवणाची पंगत उठे, त्यामुळे लोक ती वाट पसंत करीत. तिसरी साताऱ्याची. आज सारे जग वाई-पाचगणीच्या रस्त्याने जाते आणि सुट्यांच्या दिवसांत पसरणीच्या घाटात मोटारींची अशी रांग लागते, की जुन्या टांगेवाल्यांनाही हसू आले असते. मी ठरवून टाकले आहे, की आपण साताऱ्याहून जावयाचे, मेढा-केळघरच्या बाजूने. अंतर जेमतेम पस्तीस मैल. प्रतापसिंहांच्या राजधानीतून त्यांच्या डोंगराकडे जाण्याची दिशा ती हीच. सौभाग्यवतींनी विचारले, “त्या रस्त्याला चहा मिळतो ना?” मेढ्याला मिळतो, असे मी खात्रीपूर्वक सांगितले, आणि ठराव मंजूर झाला.

दुसरा प्रश्न दिवसांचा. येथे तडजोड झाली. भाद्रपदाच्या शेवटी, पितृपंधरवड्यात, जेव्हा लग्ने नसतात, सण नसतात आणि गर्दीही बेताची असते, तेव्हा चार दिवस काढावयाचे. पूर्वी पावसाळ्यात निजणारे गाव आता निजत नाही. भर श्रावणातही लोक केवळ भिजण्यासाठी वर जातात आणि हॉटेले उघडी असतात. या बदलाचा बोजा डोंगरावर पडतोच. २००१ साली केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा टापू पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, झाडे आणि बांधकामे यांवर निर्बंध घातले. ते किती पाळले जातात, याची चौकशी बाजारातून फिरतानाच होते; त्यासाठी कमिटी बसविण्याची जरुरी नाही.

सामानाची यादी घरातल्या मंडळींनी केली आहे आणि तिच्यात माझे काही चालत नाही. घोंगडी हवीच, स्वेटर ओला झाला की चार दिवस वाळत नाही, घोंगडी मात्र ओली झाली तरी ऊब सोडीत नाही, हे धनगर आपल्याला कधीपासून सांगत आले आहेत. रबरी तळाचे बूट हवेत, कारण जांभ्यावर शेवाळ धरले म्हणजे तो काचेसारखा निसरडा होतो. काड्यापेटी डब्यात हवी. मीठ पाझरते, पापड मऊ पडतात, कागद ओलसर होतो. म्हणून पारसनीसांचे पुस्तक न्यावयाचे नाही, टिपणे तेवढी प्लॅस्टिकच्या पिशवीत. कड्यांवर धुके असताना कठड्याच्या पलीकडे पाऊल टाकावयाचे नाही, हा नियम मुलांसाठी आहे आणि त्यांच्या काकांसाठी अधिक आहे.

पहिल्या दिवशी क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळात पाच धारांखेरीज आणखी दोन धारांच्या जागा दाखवितात. भागीरथी बारा वर्षांनी एकदा, कन्यागतात, वाहते आणि सरस्वती साठ वर्षांनी, अशी तेथील श्रद्धा आहे. आईला हे ठाऊक होते. तिच्या आईने कन्यागताची यात्रा केली होती. दुसरा दिवस प्रतापगडचा, धुक्याने परवानगी दिली तर. तिसऱ्या दिवशी लॉडविक पॉइंट. स्तंभावरचा लेख मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावयाचा आहे आणि मग कार्नॅकसाहेबांच्या कागदाची गोष्ट तेथेच उभे राहून सांगावयाची आहे. समोर ढग असला तर बरेच. प्रतापगड दिसला की मुले गोष्ट ऐकणार नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी वेण्णा तळ्यावर नाव, आणि दुपारी उतरणे. परत येताना साताऱ्याच्या पूर्वेला दोन-तीन मैल वाट वाकडी करून माहुलीस थांबावयाचे, असे मी सर्वांत शेवटी सुचविले. आप्पासाहेबांच्या तळ्यातून सुटलेली वेण्णा डोंगर उतरून साताऱ्याच्या पायथ्याने येते आणि माहुलीला कृष्णेस मिळते. वर गोमुखात जवळजवळ पडणाऱ्या दोन धारा चाळीस मैलांची निरनिराळी वाट चालून येथे पुन्हा भेटतात. संगमावर घाट आहेत, जुनी देवळे आहेत, सातारकर छत्रपतींच्या घराण्यातील माणसांच्या समाध्या आहेत. प्रतापसिंहांना अग्नी मिळाला तो काशीला, गंगेच्या काठी. वडीलबंधू म्हणाले, संध्याकाळ होण्यापूर्वी तेथे पोहोचले पाहिजे, तर तळ्यावरून अकराला निघावे लागेल. मुलांनी साडेअकरा मागितले. त्यावर अजून बोलणी चालू आहेत.